रबराच्या झाडाची सासू

डॉ. वैजयंती दिघे कार्डिफच्या घरात सुनेबरोबर राहत होत्या. सून काचेच्या खोलीत, म्हणजे इथले लोक जिला कन्झर्व्हेटरी म्हणतात तिथे, कोपऱ्यात उभी असायची. पानं जाड, रंग काळपट हिरवा, तोंडातून शब्द नाही. आठवड्यातून एकदा पाणी घातलं की तिची काही तक्रार नसे. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणाल्या असत्या. पण वैजयंतीबाईंनी तिच्याबद्दल त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. सून म्हणजे रबराचं झाड होतं.

देव त्यांचा एकुलता एक मुलगा. केंब्रिजला एका लॅबमध्ये संशोधन करायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी पळायला गेला आणि नदीकाठी कोसळला. मेंदूत रक्तस्राव. जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून हॉस्पिटलात माणसांना झोपवून परत उठवणाऱ्या आईला आपल्या मुलाला उठवायची संधीच मिळाली नाही. त्याला कार्डिफला आणलं, कारण त्याच्या वडिलांनाही तिथेच निरोप दिला होता.

तेव्हा ब्रॅकनेलहून शशीभाऊजी आले, त्यांचे धाकटे दीर. आल्या आल्या त्यांनी वहिनींना बाजूला घेतलं. मुलगा मुंज झालेला, बिनलग्नाचा. असा गेला तर मुंजा होऊन भटकतो. आधी रुईशी लग्न लावायचं आणि मगच दहन. आता रुई या देशात आणायची कुठून? पण भाऊजींचा जन्म कंपन्यांची बंद पडलेली सॉफ्टवेअर चालू करण्यात गेलेला. ते गार्डन सेंटरमधून रबराचं झाड घेऊन आले. रुईला चीक असतो, यालाही असतो, चालतंय. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेले गुरुजी म्हणाले, भाव महत्त्वाचा.

त्या खोलीत भिंतीला टेकून अंशुमन उभा होता. अंगात देवचा निळा कोट. मरणाच्या आदल्याच वर्षी देवने त्याच्याशी लग्न केलं होतं, केंब्रिजच्या रजिस्ट्री ऑफिसात, रीतसर. आईला फोन करून बोलावलंही होतं. "त्या दिवशी मला जमणार नाही," असं वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या, दिवस कुठला ते विचारायच्या आधीच. नातेवाइकांत त्यांनी अंशुमनला देवचा फ्लॅटमेट करून टाकलं. आता अंत्यविधीच्या कागदांवर कायद्याने सही लागत होती ती या फ्लॅटमेटची. त्याने ती मुकाट्याने केली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

फोनमधून गुरुजींनी विचारलं, "मुलगा अविवाहितच ना?"

सगळे वैजयंतीबाईंकडे बघायला लागले. अंशुमनही बघत होता.

"हो," त्या म्हणाल्या.

मग झाडाला हळद लागली, दोरा गुंडाळला गेला, अक्षता पडल्या. अंशुमनच्या हातातही कुणीतरी अक्षता दिल्या होत्या. त्याने त्या टाकल्या की मुठीतच ठेवल्या, ते वैजयंतीबाईंनी बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती त्यांची. सगळं उरकल्यावर झाडाचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते त्यांच्या घरी आलं.

आता गंमत बघा. मुंजा होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि देव काही जायला तयार नाही. दारातल्या पॅसेजमध्ये भिजलेल्या बुटांचा वास यायचा, कोरड्या ठणठणीत दिवशीसुद्धा. वरच्या बाथरूममध्ये नळ सोडल्यासारखा आवाज व्हायचा, जाऊन बघावं तर बेसिन कोरडं. काचेच्या खोलीत वारा नसताना झाडाचं एखादं पान टपकन् पडायचं. दुःखात असे भास होतात, हे वैजयंतीबाईंनी स्वतः शिकाऊ डॉक्टरांना शिकवलेलं. पण शिकवणं वेगळं आणि भरदुपारी आपल्याच घरात दबकत चालणं वेगळं. टेबलावर बसून जेवणं त्यांनी सोडून दिलं होतं. सिंकपाशी उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायच्या. ताट घेऊन बसलं की समोरच्या खुर्चीवर कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं आणि घास घशाखाली उतरायचा नाही.

यंदा वर्षश्राद्ध झाल्यावर एके दुपारी त्यांनी कपाटातून जुना टॅब्लेट काढला. देवनेच तो दिला होता, आईला प्रवचनं ऐकता यावीत म्हणून, आणि त्यावर ऑडिओबुकांचं स्वतःचं खातं चालू करून दिलं होतं. प्रवचन शोधता शोधता त्यांच्यापुढे देवचं सगळं कपाटच उघडलं. ओळीने पुस्तकं, आणि बहुतेक मुखपृष्ठांवर दोन दोन पुरुष. काहींना तर शर्ट मिळालेलाच नव्हता.

वैजयंतीबाईंनी टॅब्लेट पालथा घातला. चहा केला. चहा गार होईपर्यंत बसल्या. मग टॅब्लेट पुन्हा सुलटा केला.

सगळ्यात वर एक पुस्तक अर्धवट होतं. वेल्समधलं एक ओसाड स्टेशनघर बेन नावाचा जनावरांचा डॉक्टर विकत घेतो. तिथे आयवर नावाचा सिग्नलमन राहत असतो. राहत असतो म्हणजे, मरून नव्वद वर्षं झाली तरी राहत असतो. दोघांचं प्रेम जमतं. वैजयंतीबाईंनी आधी नाक मुरडलं. गादीवरचे प्रसंग आले की त्या बोटाने पुस्तक पुढे ढकलायच्या. पुढे पुढे तोही कंटाळा केला. ऑपरेशन थिएटरात आयुष्य गेलेल्या बाईला माणसाच्या शरीराचं काय कौतुक? त्यांना कौतुक वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बेन टेबलावर टोस्ट खायचा आणि आयवर समोर बसायचा. भुताला जेवता येत नाही. तो नुसता बघायचा, आणि बेन त्याला विचारायचा, आज काय काय केलंस? अगदी दिवसभर कामावर जाऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं.

ते ऐकून त्या ढसाढसा रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

मग त्यांना चटकच लागली. देवच्या कपाटात निम्मी पुस्तकं अशी भुताखेतांची, लांडगे होणाऱ्या माणसांची, शाप लागलेल्या सरदारांची. आणि निम्मी आजकालची, साधी: बेकरीवाला आणि फायरमन, एका ऑफिसात कोंबलेले दोन भांडखोर प्राध्यापक. भांडतात, चुकतात, पावसात भिजतात, शेवटी एकत्र येतात. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. हे एवढं काय वाचायचं, असा प्रश्न त्यांना आधी पडला होता. हळूहळू उलगडलं. साध्या पुस्तकांत एक प्रसंग हटकून यायचा: कुणाची तरी आई दार उघडते, दोघांकडे आळीपाळीने बघते आणि म्हणते, आत या, जेवण तयार आहे. देवने तेवढेच तुकडे पुन्हा पुन्हा ऐकले होते की काय कोण जाणे. जिवंत माणसं घरच्यांना चालतात ती एक पुस्तकं, आणि मेली तरी प्रेम सुटत नाही ती दुसरी. त्यांच्या मुलाला दोन्ही हवं होतं, आणि त्यातलं एक तरी देणं आईच्या हातात होतं.

एक मात्र विचित्र होतं. देवने एकाही पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ऐकलेलं नव्हतं. सगळी पुस्तकं तिथवर येऊन थांबलेली. लहानपणीही तो असाच. शेवटची पुरी ताटात ठेवून उठायचा, म्हणजे जेवण संपत नाही म्हणे. वैजयंतीबाईंनीही शेवटच्या प्रकरणांना हात लावला नाही.

आणि मग खूण हलायला लागली.

पुस्तक जिथे थांबवावं तिथे खूण राहते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. पण गुढीपाडव्याला वैजयंतीबाई जिथे थांबल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पुस्तक तिथून सुरू झालं नाही. त्या थांबल्या होत्या बेन आयवरला विचारतो तिथे: "तुला थंडी वाजते का रे?" हे वाक्य त्यांनी मुद्दाम शेवटचं ऐकलं होतं, मनातल्या मनात देवला विचारत. फेब्रुवारीत नदीकाठी किती गारठा असेल, हा विचार त्यांना वर्षभर सोडत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, आणि पुस्तक कितीतरी पुढून सुरू झालं. आयवरचा आवाज म्हणाला, "नाही. मी इथे नाहीच असं धरून सगळे चालतात, तेव्हाच वाजते."

वैजयंतीबाईंच्या हातातून टॅब्लेट खाली पडला. बराच वेळ त्यांना उचलायचं धैर्य झालं नाही. काचेवर पाऊस वाजत होता आणि झाड कोपऱ्यात उभं होतं, नुकतंच कुणीतरी त्याच्या कानात काही सांगून गेल्यासारखं.

चुकून बोट लागलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. काही आठवडे शांततेत गेले. पण एप्रिल सरता सरता खूण पुन्हा हलायला लागली, आणि आता रोज. त्या एका ठिकाणी सोडायच्या, सकाळी ती दुसरीकडे असायची. बोलणंच सुरू झालं म्हणा ना. त्यांनी खूण ठेवावी "आज काय काय केलंस?" इथे, तर ती सापडायची "तुझी वाट बघितली" इथे. त्यांनी ठेवावी "मला माफ करशील?" इथे, तर ती असायची "आधी चहा ठेव" इथे. हे तर देवचंच उत्तर! वैजयंतीबाई रडता रडता हसल्या. हॉस्पिटलात चाळीस वर्षं काढलेली ही बाई रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, काचेच्या खोलीत भुताच्या भेटीला बसायला लागली. त्या सुखात होत्या. असं सुख बरं नव्हे हे कळत होतं, तरी सुटत नव्हतं.

मेमध्ये शशीभाऊजींची मुलगी ईरा एका शनिवारी काकूंना भेटायला आली. वडिलांसारखीच ब्रॅकनेलला आयटीत. काकूंचा चेहरा बघून तिने विचारलं, "काकू, यू लुक डिफरंट. काय झालं?"

वैजयंतीबाईंनी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. ईराने टॅब्लेट हातात घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि तिथलं दोनदा वाचलं.

"काय गं?"

"काकू, हा अकाउंट दोन डिव्हायसेसवर चालू आहे. एक तुमचा टॅब्लेट. आणि एक फोन." तिने स्क्रीन वळवली. "अंशूज फोन. म्हणजे अंशुमन पण हेच बुक ऐकतोय. तुम्ही थांबता तिथून तो पुढे नेतो, तो थांबतो तिथून तुम्ही. दॅट्स ऑल."

वैजयंतीबाईंच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. आधी आला तो संताप. त्या पोराने आपल्याला खुळ्यात काढलं! आपण केस विंचरून बसत होतो! ईरा निघून गेल्यावरही त्या धुसफुसत घरभर फिरल्या, सिंकमधली धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मग मध्येच हात थांबला. टॅब्लेटचं त्याला कुठे माहीत होतं? आई हे असलं पुस्तक ऐकत असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणार नव्हतं. म्हणजे तिकडे केंब्रिजमध्ये तोही रोज सकाळी खूण हललेली बघत होता. त्यालाही वाटत होतं की देव बोलतोय.

आपण त्याचं भूत आहोत. हे लक्षात आलं आणि त्या ओल्या हातांनी तशाच खाली बसल्या.

सरळ मार्ग होता फोन करून सांगण्याचा. पण काय सांगणार? तुझ्या नवऱ्याला एकदा झाडाला बांधून तुझ्याकडून काढून घेतलं, आता दुसऱ्यांदा घेते? त्यापेक्षा राहू दे, असं त्यांनी ठरवलं. बोलू दे त्याला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या देव होऊन उत्तरं द्यायला लागल्या. "जेवलास का?" "खिडकी उघड." "तो कोट धुवायला टाक." पुस्तकात अशी वाक्यं शोधायला तासन् तास लागायचे. अंशुमनची उत्तरं यायची, आणि त्यातून त्यांना तो मुलगा पहिल्यांदाच दिसायला लागला. विनोदी. हट्टी. देवला चिडवणारा. सहा वर्षं त्यांच्या मुलाबरोबर राहिलेला माणूस आता कुठे त्यांच्या ओळखीचा होत होता, आणि तोही खोटं बोलून.

अधिक महिना लागला. मंडळाच्या ग्रुपवर बायकांचे जावयांसाठी पुरण घातल्याचे, अनारसे तळल्याचे फोटो सुरू झाले. वैजयंतीबाईंना मुलगी नव्हती, त्यामुळे धोंड्याचा महिना त्यांच्या घरी कधी आलाच नव्हता.

त्याच आठवड्यात खूण एका जागी थांबली. शेवटच्या प्रकरणाच्या जरा अलीकडे बेन रुळांशेजारच्या पडक्या प्लॅटफॉर्मवर उभा असतो. आयवर दिसेनासा झालेला. बेन अंधाराला म्हणतो, "तू येत नसशील तर मी तुझ्याकडे येतो. इकडे माझं आता काय उरलंय?"

वैजयंतीबाईंनी खूण मागे नेली, "जेवलास का?" वर. सकाळी ती पुन्हा प्लॅटफॉर्मवर. "खिडकी उघड." पुन्हा प्लॅटफॉर्मवर. आणखी एक दिवस गेला, तरी तिथेच.

हा काही पुस्तकातला प्रश्न नव्हता. तिकडे एक जिवंत मुलगा मेलेल्याची परवानगी मागत होता, आणि मेलेल्याच्या जागी त्या बसल्या होत्या. आयवरचं उत्तर शेवटच्या प्रकरणात असणार. खूण तिथे सरकवणं सोपं होतं. पण पेशंट हातातून निसटायला लागला की त्याच्याशी खुणांनी बोलून भागत नाही. तोंडावरचा मास्क काढावा लागतो आणि त्याचं नाव घेऊन हाक मारावी लागते. त्यांनी ईराकडून नंबर घेतला आणि तिला लगेच केंब्रिजला निघायला सांगितलं.

फोन बराच वेळ वाजला.

"हॅलो?" आवाज बसलेला होता.

"अंशुमन, मी वैजयंती. देवची आई."

"ओह." मग काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज. "हाय. आय मीन, नमस्कार काकू."

"कुठे आहेस?"

"घरी. किचनमध्ये."

"खाली बस. बसलास? आता नीट ऐक. ते स्टेशनचं पुस्तक आहे ना, त्यातली खूण मी हलवते. देव नाही. देवने दिलेला टॅब्लेट आहे माझ्याकडे, त्यावर त्याचंच खातं आहे. तुझ्याशी मी बोलत होते."

पलीकडून श्वासाचाही आवाज येईना. वैजयंतीबाईंनी तो आवाज काढला ज्या आवाजात त्यांनी हजारो माणसांना भुलीतून बाहेर बोलावलं होतं. "अंशुमन! अंशुमन, बोल माझ्याशी."

"आय'म हिअर," तो म्हणाला आणि त्याचा बांध फुटला. "मला माहीत होतं. मी स्टुपिड नाहीये. कोणतरी दुसरा डिव्हाइस असणार, चेक करायला टू मिनिट्स लागतात. पण मला चेक नाही करायचा होता, काकू. चेक केला असता तर तो परत मेला असता."

"मलासुद्धा चेक करायचं नव्हतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी जो प्रश्न विचारायला फोन केला होता तो विचारला, आडवळण न घेता. "तू स्वतःला काही करून घ्यायच्या विचारात आहेस का?"

"आज नाही," तो म्हणाला. "पण हो. मी विचार करतो त्याचा."

"बरं झालं सांगितलंस. आता मी सांगते तसं करायचं. ईरा निघालीय ब्रॅकनेलहून, ती येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही. उद्या तुझ्या जीपी डॉक्टरांकडे ती बरोबर येईल. आणि शनिवारी तुला इकडे घेऊन येईल, माझ्याकडे जेवायला. धोंड्याचा महिना आहे."

तिकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. "धोंड्याचा... ते जावयासाठी असतं ना? माझी मम्मी ताईच्या हजबंडला देते."

"हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "जावयासाठीच असतं."

ईराने बेल वाजवेपर्यंत दोघं तसेच फोन धरून बसले.

शनिवारी दुपारी वैजयंतीबाईंनी टेबलाभोवती रांगोळी काढली आणि पहिलं ताट अंशुमनसमोर ठेवलं. तो बारीक झाला होता. अंगात तोच निळा कोट, आता धुतलेला. शशीभाऊजींनाही बोलावलं होतं. त्यांना वाटलं होतं नेहमीचं जेवण. ताटातले पुरणाचे धोंडे बघून ते बुचकळ्यात पडले.

"वहिनी, हे तर जावयाला वाढतात."

"मग जावयालाच वाढतेय."

"म्हणजे?"

वैजयंतीबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "भाऊजी, अंशुमन देवचा नवरा आहे. रीतसर लग्न झालेलं होतं त्यांचं. त्या दिवशी गुरुजींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि हा समोर उभा होता."

शशीभाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी अंशुमनकडे बघितलं, मग काचेच्या खोलीकडे. "अहो पण आपण तर त्याचं..."

"ते लग्न तुम्ही लावलंत. सून तुम्ही घेऊन जा. आठवड्यातून एकदा पाणी, आणि थेट उन्हात ठेवायचं नाही."

ईराला हसू आवरेना. अंशुमन ताटात बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते आणि तो रडत नव्हता. भाऊजी जेवले, जरा कमीच बोलत. जाताना खरोखरच झाड उचलून त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. मग परत दारापर्यंत आले. "पोरगा भटकू नये एवढंच वाटलं होतं रे मला," ते अंशुमनला म्हणाले. त्याने मान हलवली. ईरा वडिलांना घेऊन गेली. अंशुमन राहणार होता.

घरात दोघंच उरली. काचेच्या खोलीत झाडाच्या जागी फरशीवर गोल ओलसर डाग होता. पॅसेजमध्ये वास येतो का, म्हणून वैजयंतीबाईंनी नकळत श्वास घेतला. पुरणाचा वास होता.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "पाडव्याला मी विचारलं होतं, थंडी वाजते का. त्याचं जे उत्तर ठेवलंस ना तू, मी इथे नाहीच असं धरून सगळे चालतात तेव्हाच वाजते, ते मला फार लागलं. लागायलाच हवं होतं."

अंशुमनच्या कपाळाला आठी पडली. "पाडवा म्हणजे मार्च ना? नाही काकू, ते मी नाही. मी हे बुक फर्स्ट टाइम ओपन केलं देवच्या बर्थडेला. एप्रिलमध्ये. त्याच्या आधी मला ते बघवतच नव्हतं."

"नक्की?"

"प्रॉमिस." तो थांबला. "तुमचा हात लागला असेल."

"लागला असेल," वैजयंतीबाई म्हणाल्या.

दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही. शेवटचं प्रकरण ऐकायचं का, असं त्याने हळूच विचारलं आणि त्यांनी मान हलवून नको म्हटलं. राहू दे ताटात.

एक धोंडा उरला होता. त्यांनी तो गरम करून, तूप घालून त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः समोरच्या खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसल्या. तो खात होता. त्या बघत होत्या. अर्ध्यावर आल्यावर अंशुमनचा हात थांबला. त्या अशा का बसल्यात ते त्याच्या लक्षात आलं असावं, त्यानेही ते पुस्तक पाठच केलं होतं. त्याने उरलेल्या धोंड्याचे दोन भाग केले आणि एक बशीत घालून त्यांच्याकडे सरकवला.

"तुम्ही पण घ्या ना," तो म्हणाला. "आणि सांगा. आज काय काय केलं?"

वैजयंतीबाईंनी बशी जवळ ओढली आणि बसूनच पहिला घास घेतला. तो खाली उतरला.